पुढचं चाक बसवलं, एक बुश उरलाय आणि ब्रेक नुसता आत जातोय

शहापूरचा_गडी | रविवार, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी, कुणीतरी लवकर सांगा. गाडी अंगणात मेन स्टँडवर आहे, मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधून पुढचं उचललंय आणि आई सकाळपासून तीनदा विचारून गेली की पोतं आत कधी आणणार, कारण आभाळ भरून आलंय.

गाडी २००९ ची होंडा युनिकॉर्न मोटरसायकल, पुढे डिस्क, केबलवाला मीटर. महिनाभर पुढचं चाक घरघर करायचं, हँडल सोडलं की हलकं थरथरायचं, चाक धरून डावीउजवीकडे हलवलं तर खटखट लागायचं, म्हणजे बेरिंग गेलं हे कळत होतं. गणपतीच्या आधी आम्हा चौघांना जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याने खाली गोव्याला उतरायचंय, म्हटलं या वेळी आपणच करूया, व्हिडिओ तर चार बघितलेत. काल चाक काढलं, जुनी बेरिंगं ठोकून बाहेर काढली, त्याच नंबरची नवीन आणली, बसवली. मीटरची केबल लोंबकळून तुटेल म्हणून रबराने हँडलला बांधून ठेवली. इथवर सगळं झकास.

आता खरी गंमत. चाक बाहेर असताना आमच्या भाच्याने गाडीवर बसून ढुर्र ढुर्र करत ब्रेक दाबला, एकदा नव्हे, चांगला दहा वेळा. दोन्ही पॅड एकमेकांना चिकटले, डिस्क आत जाईना. मग मी निपल (ब्रेकमधली हवा काढायचा बारीक पोकळ बोल्ट) थोडा सैल केला आणि स्क्रू ड्रायव्हर घालून पॅड मागे रेटले, त्यात पिचकारी उडाली ती थेट टाकीवर. चाक बसलं एकदाचं. पण ॲक्सलचा नट आवळला की चाक फिरेना झालंय, सैल केला की मस्त फिरतंय. ब्रेकचा लिव्हर दाबला तर पार मुठीला जाऊन टेकतोय, स्पंज दाबल्यासारखा. आणि सगळं झाल्यावर वर्तमानपत्रावर बघतोय तर एक लोखंडी बुश उरलाय, पोकळ, बोटाच्या एका पेराएवढा. कुठला ते आठवंना. फोटो काढायचा राहिला चाक काढताना, माहीत आहे, शिव्या नंतर घाला.

---

केए२३_चिक्कोडी | दुपारी १२:०५

एक बुश उरला म्हणजे गाडी तेवढी हलकी झाली की गा, ॲव्हरेज वाढंल. 😂

मज्जा केली रे. पण खरंच सांगतो, असल्या ब्रेकवर गल्लीच्या टोकाला चहाला पण जाऊ नको.

---

उद्यमबाग_काका | दुपारी १२:३०

गाडी जागची हलवू नकोस, आणि आता ब्रेक परत परत दाबून बघणं बंद कर. बाकी घाबरण्यासारखं काही नाही, सगळं सुटणारं आहे. मी उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर काढली, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, बुशा तर किती टर्न केल्या त्याचा हिशोब नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तरी वाच.

ॲक्सल सैल असताना चाक फिरतं आणि आवळलं की अडकतं, याची कारणं तीनच, चौथं मी अजून बघितलेलं नाही. त्याआधी एक गोष्ट डोक्यात बसव. ॲक्सलवर जे काही ओवलेलं असतं ते माळेतल्या मण्यांसारखं असतं. शॉकअपचा एक पाय, मग बुश, मग बेरिंगची आतली रिंग, मग हबच्या आतला पाइप, मग दुसऱ्या बेरिंगची आतली रिंग, मग मीटरचा डबा (ज्यात मीटरची केबल जाते तो), मग शॉकअपचा दुसरा पाय. नट आवळतोस तेव्हा हे सगळे मणी एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि त्यांच्याभोवती चाक फिरतं. मणी सगळे असतील तर नट कितीही आवळ, चाक अडणार नाही. एक मणी कमी झाला की तो दाब भलतीकडे जातो.

पहिली शंका आतल्या पाइपची. दोन बेरिंगांच्या मध्ये हबमध्ये एक नळी असते. जुनी बेरिंगं ठोकताना ती बाहेर पडते आणि माणूस नवीन बेरिंगं बसवून मोकळा होतो. ती नसेल तर नट आवळताना दोन्ही बेरिंगांच्या आतल्या रिंगा आत ओढल्या जातात आणि गोळ्या जाम होतात. चाक काढून बेरिंगच्या भोकातून करंगळी घाल, आत नळीचं तोंड लागलं पाहिजे.

दुसरी, उरलेला बुश. माझं मन सांगतंय की तोच डिस्कच्या बाजूचा बाहेरचा बुश आहे. तो नसला की शॉकअपचा पाय आत ओढला जातो, डिस्क कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या भागाच्या) मधोमध राहत नाही, एका पॅडला जाऊन घासते. आता हा बुश हातात घे, पुसून स्वच्छ कर आणि दारात उजेडात धर. एका टोकाकडे केसाएवढा बारीक चकचकीत पट्टा दिसेल, नखाने खरवडलं तर हलकी खोबण लागेल. ऑइल सीलचा, म्हणजे बेरिंगवरच्या रबरी रिंगेचा, ओठ वर्षानुवर्षं तिथं घासून तो पट्टा पडलेला असतो. ते टोक सीलच्या आत जायचं, दुसरं टोक शॉकअपकडे. कंपनीने खूण दिलेली नसते, पण गाडी स्वतः खूण करून ठेवते. सील नवीन घातला असशील तर ओठाला बोटभर ग्रीस लाव, कोरडा बसवू नकोस.

तिसरी, मीटरचा डबा. त्याच्या आतल्या रिंगेला दोन कान असतात, हबला दोन खाचा असतात. कान खाचेत बसले की डबा हबला अगदी चिकटतो. नाही बसले की जरासा वर राहतो, आणि आपण वाटतंय बसला म्हणून नट आवळतो, मग कान चेपतात आणि नवीन डबा घ्यायला लागतो. हाताने हळू फिरवत दाब, टक् करून बसेल. आणि डब्याच्या बाहेरून एक ठोकळ्यासारखा भाग असतो, तो शॉकअपवरच्या उंचवट्याला अडला पाहिजे, नाहीतर चाकाबरोबर डबापण फिरेल आणि केबलचा पीळ पडून तुटेल.

बेरिंग कशाने ठोकलंस ते सांग. आतल्या रिंगेवर हातोडी मारली असशील तर नवीन बेरिंग आत्ताच गेलं म्हणायचं.

---

शहापूरचा_गडी | दुपारी १:१५

काका तुम्ही देवमाणूस आहात. चाक परत काढलं. पाइप आत आहे, करंगळीला लागला, हुश्श. बेरिंगवर जुनं बेरिंग उलटं ठेवून ठोकलं, म्हणजे बाहेरच्या रिंगेवरच बसलं असणार, एक बाजू पार तळाला गेल्यावर मग पाइप घालून दुसरी बाजू. आणि बुश बघितला दारात उभा राहून, आहे की हो पट्टा. बायको म्हणाली हे काय लोखंडाकडे एवढं प्रेमाने बघालाय. डिस्कच्या बाजूला घातला, बरोबर बसला. मीटरचा डबा पण खरंच थोडा वर होता, फिरवल्यावर टक् वाजलं. कान चेपले नाहीत, नशीब.

आता ब्रेकचं सांगा. आणि टाकीचं. टाकीवर जिथं पिचकारी उडाली तिथं रंग जरा फुगल्यासारखा दिसालाय.

---

निपाणी_हायवे | दुपारी १:२५

कशाला एवढी झंझट भावा, ढकलत ने गॅरेजला, दोनशे रुपयात काम. ब्रेकशी खेळ बरा नव्हे. हे व्हिडिओ बघून मेकॅनिक झालेले पुढे दवाखान्यात दिसतात.

---

रेश्मा_वडगाव | दुपारी १:५०

@शहापूरचा_गडी आधी टाकी. आत्ताच्या आत्ता मगभर पाणी ओत त्यावर, पुसू नको, ओत. पुसलंस तर रंगासकट निघेल. ब्रेक ऑइल रंग खातं पण पाण्यात विरघळतं, म्हणून पाणी हाच उपाय. पुढच्या वेळी टाकीवर जुनी चादर आणि हाताशी पाण्याची बाटली, हे आधी करायचं. माझ्या गाडीच्या टाकीवर अजून एक डाग आहे, पहिल्या वर्षाची आठवण.

@निपाणी_हायवे तुम्ही म्हणता ते चूक नाही, पण गॅरेजचंही ऐका. मागच्या वर्षी मी गाडी गॅरेजला देऊन आणली, पॅड नवीन टाकले म्हणाले, पैसे घेतले, घरी येऊन बघते तर पॅडवर ग्रीसची बोटं. तिसऱ्या दिवशी पावसात कॉलेज रोडला ब्रेक लागला आणि गाडी थांबलीच नाही, पुढच्या रिक्षाला थोडक्यात चुकवलं. तेव्हापासून ब्रेक मी स्वतः करते. निदान कुणी काय केलं ते माहीत असतं.

आता ब्रेक. निपल सैल करून पॅड रेटलेस तिथं चूक झाली. पॅड मागे सरकताना ऑइल बाहेर आलं, पण रेटणं थांबवलं की त्याच तोंडातून हवा आत गेली. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून लिव्हर स्पंज वाटतोय. निपलला हात न लावता पॅडमागचे पिस्टन मागे ढकलायचे असतात, वर हँडलवरच्या ऑइलच्या डबीचं झाकण उघडं ठेवून, ऑइल आपसूक वर चढतं. भरली तर स्वच्छ सिरिंजने थोडं ओढून काढायचं. आणि स्क्रू ड्रायव्हर नको, पॅडचा पृष्ठभाग चरतो, जुना पॅड नाहीतर लाकडाची चपटी पट्टी घाल. पुढच्या वेळी चाक काढल्या काढल्या पॅडमध्ये जाड पुठ्ठा घालून ठेव, मग भाच्याला खुशाल ढुर्र ढुर्र करू दे.

हवा काढायची तर आठ नंबरचा रिंग पाना, फिशटँकची पारदर्शक नळी, एक प्लास्टिक बाटली आणि ब्रेक ऑइलची नवीन सीलबंद बाटली. डबीच्या झाकणावर ऑइलचा प्रकार, डॉट ३ की डॉट ४, लिहिलेला असतो, तेच आण. गेल्या वर्षीची उघडी बाटली वापरू नको, ते हवेतलं पाणी पितं. डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं, पाणी शोषलं की १५५ वर येतं, डॉट ३ चं हेच २०५ आणि १४०. तू चोर्ल्याने खाली उतरणार आहेस, सतत ब्रेकवर राहिलास आणि आतलं ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ म्हणजे परत हवाच, लिव्हर मुठीला. डॉट ५ मात्र चुकूनही घेऊ नको, ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही.

करायचं असं. हँडल फिरवून वरची डबी सगळ्यात उंचावर येईल असं कर. निपलवर आधी रिंग पाना चढव, मग नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडव. लिव्हर तीनचार वेळा हळू दाब, चौथ्यांदा दाबून धर, निपल पाव फेरा उघड, नळीतून बुडबुडे येतील, लिव्हर मुठीला जाईल. आता लिव्हर सोडायच्या आधी निपल बंद कर. सोडायच्या आधी. इथंच सगळे चुकतात. उघडा असताना लिव्हर सोडला की बाहेरची हवा परत आत ओढली जाते आणि तू तास दोन तास तेच करत बसतोस. मधे मधे वरची डबी बघत राहा, खालच्या रेषेच्या खाली ऑइल गेलं की वरून हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरू.

एकट्याने करत असशील तर कुणालातरी लिव्हरवर बसव. भाच्याला बसव, त्याला अनुभव आहे 😄

---

केए२३_चिक्कोडी | दुपारी २:००

ताई एकदम कडक. मी हे नऊ वर्षं गॅरेजवाल्याकडून करून घ्यालोय आणि मला आज कळलं निपल कशासाठी असतो.

---

जांबोटीकर | दुपारी २:४०

डिस्कचं चाललंय चालू दे, पण इथं निम्म्या लोकांकडे ड्रमवाल्या गाड्या आहेत, त्यांनी हे वाचून तसंच करू नका म्हणून लिहितोय, माझी स्प्लेंडर, पुढे ड्रम.

चार वर्षांपूर्वी पंक्चर काढायला चाक काढलं, अंधार पडत आलेला, पाऊस, मोबाइल तोंडात धरून चाक बसवलं. ड्रमवाल्यात ब्रेकची जी ॲल्युमिनियमची प्लेट असते, जिला केबल लागते, तिच्यावर एक खाच असते आणि शॉकअपवर एक उभा ठोकळा, तो ठोकळा खाचेत बसला पाहिजे. मी तो बसवलाच नाही, प्लेट नुसती ॲक्सलवर होती. दिसायला सगळं व्यवस्थित. घराकडं निघालो, फाट्यावर म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला, आणि चाकाबरोबर प्लेटच फिरली, केबल गुंडाळली, चाक जाग्यावर लॉक. वेग वीस पंचवीसच असेल म्हणून वाचलो, पण कोपर सोलून निघालं आणि चिखलात मी नि म्हैस समोरासमोर. ती उभी, मी आडवा.

तेव्हापासून ड्रमचं चाक बसवलं की पहिलं बोट त्या खाचेवर. नट आवळायच्या आधी प्लेट पुढे मागे फिरवून बघायची, जागची हलली नाही पाहिजे. आणि अजून एक, नट आवळताना ब्रेक दाबून धरून आवळा म्हणजे लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमच्या मधोमध बसतात, नाहीतर एका बाजूला घासत राहतात आणि ब्रेक दचके देतो. लायनरची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, नाकात गेलेली बरी नव्हे.

---

निपाणी_हायवे | दुपारी २:५५

मान्य. ताईंची रिक्षा आणि जांबोटीकरांची म्हैस, दोन्ही लक्षात राहतील. मी गप्प बसतो आणि बघतो.

एक विचारतो मग, माझी २०२१ ची गाडी आहे, एबीएसवाली, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही ती. त्यात हेच करता येतं का?

---

उद्यमबाग_काका | दुपारी ३:२०

चाक काढणं घालणं तसंच, फक्त डिस्कशेजारी एक दातेरी रिंग असते आणि समोर सेन्सर. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना ते सक्तीचं झालं, म्हणून तुझ्या गाडीला आहे. चाक काढताना रिंग जमिनीवर आपटू देऊ नकोस, चाक डिस्कच्या बाजूवर आडवं टाकायचंच नाही. सेन्सरची वायर शॉकअपच्या क्लिपात जशी होती तशीच परत घाल, चाकाला घासली तर संपली. गाडी चालू केल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि थोडं पुढे गेल्यावर विझतो, विझला नाही तर सेन्सर बघायचा. हवा काढायची वेळ आली तर मात्र ती गाडी शोरूमला दे, युनिटमध्ये हवा अडकली की घरच्या नळीने निघत नाही.

आता आवळण्याबद्दल, कारण गडी बोलला नाही पण त्याने नट कसा आवळला असेल ते मला दिसतंय, पान्यावर पाय देऊन. बरोबर ना?

दीडशेच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या ॲक्सल नटाला ५० ते ७० न्यूटन मीटरच्या आसपास लागतं, नेमका आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघ. कॅलिपरच्या बोल्टांना साधारण त्याच्या निम्मं. टॉर्क पाना नसेल तर एक जुनी युक्ती सांगतो. कांदे बटाटे लटकवून तोलतात तो स्प्रिंगचा काटा घे. २५ सेंटिमीटर लांब पाना नटावर आडवा धर, त्याच्या टोकाला काटा अडकव आणि पान्याशी काटकोन ठेवून ओढ. काटा २० किलो दाखवेल तेव्हा ५ किलोग्राम मीटर होतात, म्हणजे जवळजवळ ४९ न्यूटन मीटर. एकदोनदा असं केलंस की हाताला अंदाज येतो, मग काटा लागत नाही. पाय मात्र कधीच लागत नाही.

क्रम पण सांगतो. आधी ॲक्सलचा नट. मग गाडी स्टँडवरून खाली घे, पुढचा ब्रेक दाबून धर आणि हँडलवर वजन टाकून शॉकअप पाचसहा वेळा दाब. दोन्ही पाय आपापल्या जागेवर सरळ होतात. ज्या गाडीला शॉकअपच्या तळाशी चिमट्याचा बोल्ट असतो तो यानंतर आवळायचा, आधी आवळला तर पाय वाकडाच पकडला जातो आणि शॉकअप खडखड करतं, मग लोक शॉकअपचं ऑइल बदलत बसतात.

आणि हो, टायरवरचा बाण. चाक फिरायच्या दिशेने असला पाहिजे. चाक दोनदा काढलंस, उलटं तर घातलं नाहीस ना? डिस्क असल्यामुळे तसं होणार नाही, पण टायर बदललेला असेल तर टायरवाल्याची पण एकदा तपासणी होऊन जाईल.

---

शहापूरचा_गडी | दुपारी ४:१०

काका पाय दिला होता. तुम्हाला कसं कळलं?

टाकीवर पाणी ओतलं, रंग निघाला नाही पण हाताच्या पंज्याएवढा भाग मंद झालाय, असू दे, आता ती माझी पण पहिल्या वर्षाची आठवण.

ऑइल आणायला गेलो, रविवार म्हणून चारपाच ठिकाणं बंद, शेवटी खडे बाजारच्या पलीकडं एक दुकान अर्धं शटर वर करून बसलेलं. डॉट ४ मागितलं, पाना पण घेतला. दुकानदार अण्णांनी विचारलं काय करालाय, सांगितलं, तर निपलकडं बोट दाखवून म्हणाले, भाळ बिगी माडब्याडरी. जास्त आवळू नका म्हणून. म्हणाले आठवड्याला दोन तरी गिऱ्हाईक तुटलेला निपल घेऊन येतात, बारीक पोकळ वस्तू, मनगटाने आवळली की पुरे. घरी येऊन बघतो तर काल मी पण जरा जोरातच आवळला होता, पण सुटला.

आता भाचा लिव्हरवर, मी खाली, आई पोत्याजवळ छत्री घेऊन. सुरू करतोय.

---

रेश्मा_वडगाव | दुपारी ४:२०

पोतं आत घ्या रे आधी. भिजलं तर ब्रेकपेक्षा मोठा प्रश्न होईल.

---

शहापूरचा_गडी | संध्याकाळी ६:०५

पोतं आत गेलं, त्याच्या जागी दगडाचा पाटा आणि दोन विटा बांधल्यात सीटवर.

हवा निघायला पाऊण तास लागला. पहिल्या दहा पंधरा वेळा नुसते बुडबुडे, सोड्यासारखे, मग जुनं ऑइल आलं काळपट, चहाच्या रंगाचं, किती वर्षं बदललं नव्हतं काय माहीत. भाच्याने तीनदा निपल बंद व्हायच्या आधी लिव्हर सोडला, दर वेळी परत पहिल्यापासून. शेवटी मी म्हटलं मी "सोड" म्हणेपर्यंत सोडायचं नाही, तर तो लघवीला जायचं होतं तरी धरून बसला, पोरगा कामाचा आहे. आता लिव्हर अर्ध्यावर येऊन कडक होतोय. पण अजून थोडा दबतो, पूर्वीसारखा दगड नाही.

---

रेश्मा_वडगाव | संध्याकाळी ६:२०

नळीच्या वळणात कुठंतरी बारीक बुडबुडा राहिलाय. सायकलच्या ट्यूबची पट्टी घे आणि लिव्हर मुठीला ओढून रात्रभर बांधून ठेव, डबी उंचावर राहील असं हँडल फिरवून. बुडबुडे रात्रीत वर चढत जातात, सकाळी लिव्हर सोडला की डबीत निघून जातात. सकाळी कडक लागेल बघ. नाही लागला तर परत एकदा हवा काढ, आणि पाइपच्या दोन्ही टोकांच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर बघ, तू ते उघडले असशील तर नवीन घालायला लागतात, जुने चेपलेले परत धरत नाहीत.

डिस्क पण पुसून घे, बोटं लागली असतील. ब्रेक क्लीनर नसेल तर मेडिकलमधलं आयसोप्रोपिल आणि स्वच्छ सुती फडकं. पेट्रोल नको, त्यात तेलकटपणा राहतो. आणि पॅडवर ऑइल सांडलं असेल तर पॅड नवीनच. गॅसवर भाजून घ्या म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नको, आतलं ऑइल जात नाही, वास तेवढा घरभर होतो.

---

जांबोटीकर | संध्याकाळी ६:४५

ट्यूबची पट्टी बांधायचा प्रकार आमचा पंक्चरवाला पण करतो, मला वाटायचं गाडी उतारावर पळू नये म्हणून बांधतोय.

---

शहापूरचा_गडी | सोमवार, सकाळी ८:३०

कडक!!! अगदी पूर्वीसारखा. रेश्माताई, काका, सगळ्यांना साष्टांग.

पॅड बघितले, ऑइल नव्हतं, जाडी पण बरी आहे, मधली खोबण अजून दिसते. काट्याने आवळला नट, शेजारच्या भाजीवाल्या मावशीकडून काटा मागून आणला, त्या विचारत होत्या गाडी किलोवर विकालायस काय. शॉकअप सहा वेळा दाबले. चाक वर उचलून फिरवलं, बारा तेरा फेरे मारून आपलं आपण थांबतंय, पॅडचा अगदी हलका सर सर आवाज येतो, घासल्यासारखा नाही.

आधी गल्लीत ढकलत नेऊन ब्रेक मारला, मग चालू करून पहिल्या गिअरमध्ये, मग अनगोळच्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर तीसपर्यंत नेऊन हळूहळू सात आठ वेळा थांबवली. सरळ थांबते, ओढत नाही, हँडल थरथरत नाही, घरघर गेली. पन्नास किलोमीटर झाल्यावर परत एकदा सगळे बोल्ट काट्याने बघणार आहे.

एकच अडलंय. मीटर चालंना. काटा शून्यावर बसून आहे, किलोमीटर पण पुढे सरकंना. काका, डब्याचे कान चेपले असतील का? काल बघितले तेव्हा ठीक होते, टक् पण वाजलं होतं. नवीन डबाच घ्यावा लागंल का आता?

---

उद्यमबाग_काका | सोमवार, सकाळी ८:४५

केबल जोडलीस का?

---

शहापूरचा_गडी | सोमवार, सकाळी ८:५२

हँडललाच बांधलेली आहे अजून, रबराने.